मांजर फ्रिजवर चढलं की सायरन: प्राणी असलेल्या घरात मोशन सेन्सर कसे बसवायचे

खोक्यावर ‘२५ किलोपर्यंतच्या प्राण्यांना चालतो’ असं छापलेलं असतं, घरातलं मांजर चार किलोचं असतं, आणि तरी भरदुपारी सायरन वाजतो. बहुतेक वेळा सेन्सर खराब नसतो. तो किलो मोजतच नाही, एवढीच गोष्ट आहे. प्राणी असलेल्या घरात खरेदीच्या आधी मोजायचं ते प्राण्याचं वजन नव्हे. तो कुठंकुठं चढतो आणि किती उंच चढतो, हे मोजायचं.

घरातले मोशन सेन्सर बहुतेक पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) प्रकारचे असतात. पीआयआर सेन्सर स्वतः काही सोडत नाही. शरीरातून बाहेर पडणाऱ्या उष्णतेतला, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या अवरक्त किरणांतला बदल तो टिपतो. पुढच्या पांढुरक्या प्लास्टिकवर जे कंगोरे दिसतात ती फ्रेनेल भिंगं. त्यांच्यामुळे खोलीत पंख्याच्या पात्यांसारखे अदृश्य पट्टे पडतात. गरम वस्तू एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेली की आतल्या दोन घटकांवरचा तोल ढळतो आणि रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, उघडून अलार्म देतो. प्राण्यांसाठीच्या सेन्सरमध्ये दोनपैकी एक युक्ती असते, कधी दोन्ही: जमिनीलगत पाहणारे पट्टे काढून टाकलेले किंवा विरळ केलेले असतात, किंवा माणसाएवढी उभी, मोठी आकृती एकाच वेळी अनेक पट्टे व्यापते की नाही हे आतलं सर्किट तपासतं. दोन्ही युक्त्या एकाच गृहीतकावर उभ्या आहेत: प्राणी जमिनीवर आहे.

आता साधा त्रैराशिकाचा हिशोब करा. २५ सेंटिमीटर उंचीचं मांजर १ मीटरवर असेल तर सेन्सरला ते ७ मीटरवरच्या पावणेदोन मीटर माणसाएवढं दिसतं. तेच मांजर फ्रिजवर, सेन्सरपासून अर्ध्या मीटरवर गेलं तर ७ मीटरवरच्या साडेतीन मीटर उंचीच्या राक्षसाएवढं. याला कुठलाही ‘२५ किलो’वाला सेन्सर पुरा पडणार नाही. उलट फरशीवर शांत चालणारा ३० किलोचा लॅब्राडोर काही घरांत कधीच त्रास देत नाही.

आधी दोन दिवस नुसतं पाहा

मेजरटेप घ्या आणि घरातल्या चढण्याच्या जागा टिपा. स्वयंपाकाचा ओटा ८० ते ८५ सेंटिमीटर, सोफ्याची पाठ ८० ते ९०, दोन दारांचा फ्रिज दीड मीटरच्या वर, त्याच्या वर लॉफ्ट. मांजर जमिनीवरून एका उडीत दीड मीटरपर्यंत सहज जातं, आणि ओटा–फ्रिज–लॉफ्ट असा त्याचा ठरलेला जिना असतो. कुत्र्याचं वेगळं. तो चढतो कमी, पण खिडकीच्या कट्ट्यावर पुढचे पाय ठेवून उभा राहतो. तेव्हाची त्याची उंची मोजा. चार पायांवरची नव्हे.

दोन कुत्री असतील तर दोघांचा एकत्रित आकार धरा. ती एकमेकांना खेटून धावतात तेव्हा सेन्सरला एकच मोठी आकृती दिसते. जिना असलेल्या रो-हाउसमध्ये जिन्याकडे तोंड करून मोशन सेन्सर बसवूच नका: आठव्या पायरीवरचा कुत्रा म्हणजे सव्वा मीटर उंचीवरचा कुत्रा.

कुठल्या खोलीत कुठला सेन्सर

बहुतेक घरांत गरजेपेक्षा जास्त मोशन सेन्सर विकले जातात आणि दारांचे चुंबकी सेन्सर कमी. प्राणी असलेल्या घरात हे प्रमाण उलटं हवं. दार उघडलं की चुंबक दूर जातो आणि झोन, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीकडे (पॅनलकडे) जाणारं त्या सेन्सरचं सर्किट, उघडतो. त्यात मांजराचा काही संबंध येत नाही. म्हणून पहिली फळी चुंबकी सेन्सरचीच: मुख्य दार, हॉलच्या बाल्कनीचं सरकतं दार, आणि फ्लॅटमध्ये हमखास विसरली जाणारी ड्राय बाल्कनी. लोखंडी सेफ्टी डोअरवर साधा चुंबकी सेन्सर लावला तर लोखंडामुळे त्याचं कामाचं अंतर बरंच घटतं आणि दार जरा हललं की अलार्म होतो. तिथं धातूच्या दारासाठीचा मोठ्या अंतराचा सेन्सर घ्या, किंवा सेन्सर आतल्या लाकडी दारावर लावा.

मोशन सेन्सर ही दुसरी फळी. त्यांची वाटणी एका नेहमीच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटवर पाहू. घरात एक मांजर आणि वीसेक किलोचा देशी कुत्रा आहे.

बेडरूममध्ये प्राण्यांना जाऊ देत नसाल तर तिथं साधा, पूर्ण संवेदनशील पीआयआर लावा आणि घराबाहेर पडताना दार कडी लावून बंद करा. नुसतं ओढून घेतलेलं दार वाऱ्याने किंवा कुत्र्याच्या डोक्याने उघडतं.

स्वयंपाकघरात मोशन सेन्सर नको. मांजर, फ्रिज, लॉफ्ट सगळं तिथंच आहे. ड्राय बाल्कनीच्या दाराला चुंबकी सेन्सर पुरे.

पॅसेज ही प्राणीवाल्या घरातली सगळ्यात सोन्यासारखी जागा. भिंती मोकळ्या, चढायला काही नाही, ऊन येत नाही, आणि हॉलमधून बेडरूमकडे जाणाऱ्याला तिथूनच जावं लागतं. एकच पेट-पीआयआर (प्राण्यांसाठीचा पीआयआर) घ्यायचा असेल तर तो इथं. एक अडचण आहे: पीआयआर आडव्या हालचालीला तत्पर आणि सरळ अंगावर येणाऱ्या हालचालीला मंद असतो. म्हणून तो पॅसेजच्या टोकाच्या भिंतीवर मध्यभागी न लावता कोपऱ्यात, पॅसेजचं तोंड तिरकं कापेल असा लावा.

हॉलमध्ये सोफा असतो, म्हणून सेन्सर सोफ्याच्या समोरच्या भिंतीवर नव्हे आणि सोफ्याच्या वरही नव्हे. प्राणी ज्यावर चढू शकतो अशी कुठलीही वस्तू सेन्सरपासून निदान २ मीटर दूर राहील असा कोपरा शोधा. असा कोपरा सापडलाच नाही तर हॉलमध्ये मोशन सेन्सर लावू नका. हा सल्ला विक्रेता देणार नाही.

बाल्कनीच्या दारासाठी पडदा-सेन्सर मिळतात. ते पातळ पट्टीसारखं क्षेत्र पाहतात. पण ती पट्टी जमिनीपर्यंत येते, त्यामुळे प्राण्याला दारापर्यंत जाता येत असेल तर उपयोग नाही. ग्रिल आणि सरकत्या काचेच्या मधल्या जागेत लावायचा असेल तर खास बाहेर लावण्याचाच सेन्सर घ्या. घरातला तिथं पहिल्याच पावसाळ्यात जाईल.

ड्युअल सेन्सर घेण्याआधी

पीआयआर अधिक मायक्रोवेव्ह (हा भाग स्वतः लहरी सोडतो आणि परत येणाऱ्या लहरींवरून हालचाल ओळखतो) असा दुहेरी सेन्सर ‘प्राण्यांसाठी उत्तम’ म्हणून सुचवला जातो. दोन्ही भागांनी होकार दिला तरच अलार्म, ही कल्पना चांगली आहे. पण आपल्याकडे उन्हाळ्यात कुत्र्यासाठी छताचा पंखा चालू ठेवून लोक बाहेर पडतात. मायक्रोवेव्ह भागाला फिरती पाती म्हणजे अखंड हालचाल. तो सतत होकार देत राहतो आणि दुहेरी सेन्सर प्रत्यक्षात एकेरी होऊन बसतो. शिवाय मायक्रोवेव्ह प्लायवूड, जिप्सम पार्टिशन आणि काच यांच्या पलीकडचंही पाहतो. पीव्हीसी पाइपमधून वाहणारं पाणीही त्याला हालचाल वाटतं. पीआयआरला मात्र काचेपलीकडची माणसं दिसत नाहीत.

म्हणून पंखा चालू राहणार असेल त्या खोलीत दुहेरी सेन्सरवर जादा पैसे घालू नका. जिथं ऊन किंवा हलते पडदे त्रास देतात आणि पंखा बंद असतो, तिथं तो उपयोगी पडतो. मायक्रोवेव्हचा पल्ला आतल्या छोट्या स्क्रूने ठरतो. स्क्रू आधी सगळ्यात कमीवर आणा, खोलीच्या दूरच्या भिंतीपाशी चाला, दिवा लागेपर्यंत थोडं थोडं वाढवा आणि तिथंच थांबा. मग कुणाला तरी बाहेर लिफ्टसमोर चालायला सांगा. दिवा लागला तर पल्ला भिंतीबाहेर गेला आहे.

उंची आणि कोन

बहुतेक पेट-सेन्सर २.१ ते २.४ मीटर उंचीसाठी बनवलेले असतात. पुस्तिकेत दिलेला आकडा तंतोतंत पाळा. इथं अंदाज चालत नाही. सेन्सर वर चढला की जमिनीकडचे पट्टे दूरवर आणि चुकीच्या जागी पडतात; खाली आला की प्राणी माणसाएवढा मोठा दिसू लागतो.

सेन्सर भिंतीशी सरळ, जमिनीला काटकोनात हवा. पाणसळ लावून पाहा. सोबत मिळणारा फिरता ब्रॅकेट वापरून त्याला जरासुद्धा खाली झुकवलं की प्राण्यांना सोडून देण्याचा गुण संपतो, कारण माणसासाठीचे वरचे पट्टे आता जमिनीवर पडतात. ‘खालचं नीट दिसावं’ म्हणून वायरमन हमखास थोडा वाकवतो. त्याला थांबवा.

समोर पश्चिमेची खिडकी, खाली देवघर आणि समई, बाजूला एसीचा झोत, वर लटकणारं तोरण, यांपैकी काही नको. छताच्या पंख्याची पाती सहसा सेन्सरच्या उंचीच्या वर असतात, त्यामुळे पीआयआरला त्यांचा थेट त्रास होत नाही. त्रास पंख्याने हलणाऱ्या पडद्याचा होतो, विशेषतः पडदा उन्हाने तापलेला असेल तर.

साधा पीआयआर उलटा करून सव्वा मीटर उंचीवर लावायचा एक जुना जुगाड आहे. खाली पाहणारे पट्टे मग वर जातात आणि कुत्रा पट्ट्याखालून फिरतो. बसक्या कुत्र्यापुरतं हे चालतं. मांजर असेल तर फुकट, समोर खुर्ची ठेवली की आंधळा, आणि रांगत येणारा चोर सुटतो. नव्या कामात हे करू नये.

बसवणं

भोक पाडण्याआधी कन्सिल वायरिंग कुठून गेलं आहे ते पाहा. स्विचबोर्डच्या सरळ वरची आणि सरळ बाजूची रेषा टाळा, मेन बंद करा. आधी सेन्सर चिकटपट्टीने तात्पुरता लावून एक दिवस चाचणी घ्या, मगच ६ मिलिमीटरचं भोक, गट्टी आणि स्क्रू. कायमचा डबल टेपवर सोडू नका; पावसाळ्यात डिस्टेंपरच्या पापुद्र्यासकट खाली येतो.

वायरचा सेन्सर असेल तर चार कोअरची अलार्म केबल लागते: दोन कोअर १२ व्होल्ट डीसीच्या अधिक-उण्यासाठी, दोन रिलेच्या एनसी (एरवी जोडलेलं टर्मिनल) आणि कॉमनसाठी. झाकण उघडल्याची सूचना देणारे टॅम्परचे टर्मिनलही जोडायचे असतील तर सहा कोअर घ्या. एंड ऑफ लाइन रेझिस्टर (झोनच्या वायरच्या टोकाला लावायचा रोध) पॅनलच्या पुस्तिकेत सांगितलेल्या किमतीचाच, आणि तो सेन्सरच्या आत बसवायचा. पॅनलमध्ये बसवला तर मधली वायर कुणी जोडून टाकली तरी पॅनलला कळत नाही. केबल २३० व्होल्टच्या वायरसोबत एकाच पाइपात नको. केसिंग पट्टी वेगळी ओढा. घराच्या आकारमानात वायरच्या लांबीने व्होल्टेज घटण्याची चिंता नाही, सेन्सर काही मिलिअँपिअरच ओढतो. सैल स्क्रूची चिंता मात्र जरूर करा.

वायर आत येते ते भोक आणि कोपऱ्यातल्या फटी सिलिकॉनने बुजवा. याचं कारण पुढं पालीपाशी येईल.

सेटिंग आणि चाचणी

सेन्सरच्या आत पल्स काउंट नावाचा जंपर किंवा छोटा स्विच असतो. १ वर ठेवलं तर पहिल्याच हालचालीला अलार्म, २ वर ठेवलं तर ठरावीक वेळात दोन पट्टे ओलांडले गेले तर. प्राणी वावरतो त्या झोनला २ ठेवा. ३ वर ठेवून फ्रिजवरच्या मांजराचा प्रश्न सुटत नाही. नुसता चोर उशिरा सापडतो.

आता खरी चाचणी:

१. पॅनल वॉक टेस्टला टाका, म्हणजे सायरन वाजणार नाही. सेन्सरचा दिवा चालू ठेवा. वीज दिल्यावर निदान एक मिनिट सेन्सरला स्थिरावू द्या.

२. आधी माणूस. प्रत्येक दारातून आत येऊन नेहमीच्या चालीने चाला, मग हळू चाला. तीन-चार पावलांत दिवा लागायला हवा.

३. माणसं खोलीबाहेर, दाराच्या फटीतून नजर सेन्सरच्या दिव्यावर. कुत्र्यासाठी चेंडू आत टाका, धावू द्या. मांजरासाठी सोफ्याच्या पाठीवर, टीव्हीच्या युनिटवर, जिथंजिथं ते चढतं तिथं खाऊ ठेवा.

४. दिवा लागला तर नेमकं कुठं आणि किती उंचीवर लागला ते लिहा. मग फर्निचर हलवा किंवा सेन्सर. संवेदनशीलता कमी करणं हा शेवटचा उपाय.

५. पायरी २ पुन्हा करा. प्राण्यासाठी केलेल्या बदलाने माणूस निसटू लागला का, हे पाहायला लोक विसरतात.

बॅटरीवरचे वायरलेस सेन्सर एकदा हालचाल दिसली की बॅटरी वाचवायला काही मिनिटं झोपतात. त्यामुळे टेस्ट मोडमध्ये न टाकता चाचणी घेतली तर दुसऱ्या वेळी दिवा लागत नाही आणि ‘मांजर चाललं, काही झालं नाही’ असा गैरसमज होतो.

चाचणीची वेळही महत्त्वाची. डिसेंबरातल्या पहाटे भिंती गार असतात, प्राणी त्यांच्यासमोर उठून दिसतो. खोट्या अलार्मची परीक्षा तेव्हा. उलट मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे बंद घराच्या भिंती ३३ ते ३६ अंशांवर येतात. माणसाच्या त्वचेचं तापमानही जवळपास तेवढंच असतं, फरक उरत नाही आणि पीआयआर सगळ्यात आंधळा तेव्हाच होतो. भिंती त्याहून तापल्या की माणूस थंड डाग म्हणून पुन्हा दिसू लागतो. तापमानानुसार स्वतःला सावरणारे सेन्सर विदर्भात घ्यावेतच, आणि उन्हाळ्यात दुपारी एकदा पायरी २ करून पाहावी.

पॅनलवर काय बदलायचं

रात्री घरात असताना होम किंवा स्टे मोड: चुंबकी सेन्सर चालू, प्राणी फिरतात ते मोशन झोन बंद. बाहेर जाताना अवे. हॉल आणि पॅसेज दोन्हीकडे सेन्सर असतील आणि पॅनलमध्ये सोय असेल तर ते क्रॉस-झोन करा, म्हणजे ठरलेल्या वेळात दोन्हीकडे हालचाल झाली तरच सायरन. एकट्या मांजराच्या उडीने मग काही होत नाही. पण दोन्हीकडे मनमुराद धावणारा कुत्रा असेल तर याचा फायदा नाही.

प्राण्याला खायला घालायला येणाऱ्या मावशींना किंवा शेजाऱ्यांना स्वतंत्र कोड द्या, तुमचा नको. कोण कधी आलं ते नोंदीत दिसतं आणि गरज संपल्यावर तो कोड काढता येतो. प्रवेशासाठी ३० सेकंदांची मुदत कुत्रा पायात घुटमळत असताना कमी पडते, ४५ ठेवा. सायरन प्राण्याच्या झोपायच्या जागेपासून दूर लावा.

दिवाळीत फटाक्यांनी घाबरलेला कुत्रा एरवी कधी जात नाही अशा जागी चढतो. चाचणीतलं त्याचं वागणं तेव्हा लागू पडत नाही. त्या संध्याकाळी बाहेर जायचंच असेल तर तो झोन बायपास करा, म्हणजे तात्पुरता वगळा, आणि दारांवर भिस्त ठेवा. गणपतीत मखर सेन्सरसमोर उभं राहिलं तर उलटा प्रकार होतो: सेन्सरला काहीच दिसत नाही.

तरीही वाजतोच आहे

संवेदनशीलतेला हात लावण्याआधी पॅनलच्या नोंदी उघडा. कुठला झोन, किती वाजता, हे पाहिलं की निम्मं उत्तर मिळतं.

रोज साधारण त्याच वेळी वाजत असेल तर ऊन. त्या वेळी फरशीवर किंवा पडद्यावर कुठं कवडसा पडतो ते पाहा. भिंगाचा तेवढाच भाग आतून मास्किंग टेपने झाका. काही सेन्सरसोबत त्यासाठी स्टिकरच मिळतात. टेप बाहेरून लावू नका.

वीज गेल्यावर किंवा आल्यावर वाजत असेल तर पॅनलची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी बहुधा मेलेली असते. मेन बंद करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. काही वेळा कारण याहून साधं असतं: वीज आली, पंखा सुरू झाला, पडदा हलला.

रात्री-अपरात्री, कुठल्याच वेळेला धरून नसलेले अलार्म बहुतेक पालीचे. सेन्सरच्या उबेला आणि त्याभोवतीच्या किड्यांना ती येते आणि भिंगावरूनच चालत जाते. एक सेंटिमीटरवरची पाल कुठल्याही कुत्र्यापेक्षा मोठी. आत शिरली किंवा मुंग्यांनी घर केलं तर आणखी वाईट. म्हणून ते सिलिकॉन. पालीसाठी डांबरगोळ्या टांगू नका, मांजर-कुत्र्यांना त्या विषारी आहेत. भिंगावर कीटकनाशकही मारू नका. महिन्यातून एकदा मऊ ओल्या कापडाने भिंग आणि आजूबाजूची जाळी पुसली की पुरतं.

वाजायचा अचानक बंद झाला आणि घराला नुकताच रंग दिला असेल तर भिंगावर रंगाचा हात फिरला आहे का ते पाहा. रंग बसलेलं भिंग घासून साफ करण्याच्या भानगडीत न पडता बदलून घ्या, आणि पुढच्या वेळी रंगारी येण्याआधी सेन्सर खाली उतरवून ठेवा.